कामकरी स्त्रीचे गाऱ्हाणे आणि कायदा



अकोल्याहून खामगावच्या रोखाने निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बाळापूर लागते. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उंच टेकाड आहे आणि त्या टेकाडावर विटांचा भक्कम किल्ला उभा आहे. एलिचपूरच्या इस्माइलखानाने तो इ. स. १७५७ मध्ये पुरा केला. गावाच्या दक्षिणेस मिर्झा राजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आहे. किल्ला कोणी बांधला, लढाई कोणी जिंकली, महसूल किती होता, हे सारे आपणांस दप्तरांतून आणि गॅझेटियरांतून सापडते. परंतु याच पट्ट्यात, गेल्या शतकाच्या आधीच्या शतकापासून, दर हंगामात हजारो बायका कापसाच्या जिनांत कामाला गेल्या. फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्यांना काय सोसावे लागले, हे मात्र कोणत्या दप्तरात पाहावे?

हा प्रश्न मला एका अगदी घरगुती कागदावरून सुचला. माझ्या आत्याबाई वऱ्हाडातील एका गावी शिक्षिका होत्या. गावाचे व शाळेचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. चार वर्षे उत्तम नोकरी करून त्यांनी एकाएकी राजीनामा दिला. त्याची नक्कल त्यांच्या मागे ट्रंकेत मिळाली. ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढेच कारण त्यात लिहिलेले होते. घरात तर त्या वेळी कोणतीच अडचण नव्हती; असलीच तर त्यांच्या पगाराची गरज होती. खरे कारण त्यांनी आईला, म्हणजे माझ्या आजीला, पुष्कळ वर्षांनी सांगितले, आणि आजीनेही ते अर्ध्याच वाक्यात आम्हांला सांगितले. आज मला असे वाटते की, या विषयाचा इतिहास लिहू पाहणाराला पहिले साधन म्हणून असे राजीनामेच वाचावे लागतील. आणि ते जे सांगत नाहीत, तेच त्यांतून वाचावे लागेल.

वऱ्हाडात या बाबतीत अगदीच मौन होते असे नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापून प्रसिद्ध केला. तो नोकरीविषयी नाही, हे खरे. सुरतेकडील एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सबंध स्त्रीजातीवर जी झोड उठविली, तिला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. दोघांच्या हातून एक गोष्ट घडते, किंबहुना एकाच्या हातून घडते आणि दुसरी ती सोसते. मग अब्रू मात्र दर वेळी बाईचीच का जावी? जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक इतके विस्मृतीत गेले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत वाचकांना त्याचे नावही फारसे ठाऊक नव्हते. गाऱ्हाणे मांडले गेले, छापले गेले, आणि तरी नव्वदांहून अधिक वर्षे ऐकू आले नाही.

आता जिनाकडे वळू. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो. कापसातून सरकी वेगळी करावयाची, रुई पुढे दाबून तिच्या गाठी बांधावयाच्या, हे जिनाचे काम. यंत्रापुढे कापूस घालणे, कवडी-कचरा वेचणे, रुई वाहून नेणे ही कामे मुख्यत्वे बायकांकडे असत. त्यांना या भागात ‘रेजा’ म्हणतात. काम हंगामापुरते, मजुरी रोजावर, आणि रोज कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणारा मुकादम. या शेवटच्या गोष्टीत सारे मर्म आहे. जिची भाकर रोज सकाळी एका माणसाच्या मर्जीवर ठरते, तिने त्या माणसाविरुद्ध कोणाकडे आणि कशाच्या बळावर बोलावे?

सरकारने कारखान्यांकडे लक्ष दिले नाही असे म्हणता येत नाही. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. १९११ च्या कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीस मज्जाव केला, परंतु कापसाच्या जिन-प्रेसांना त्यातून सूट ठेवली! हंगाम थोडा, माल पुष्कळ, म्हणून ही सवलत. ज्या ठिकाणी बाई सर्वांत असहाय्य, त्याच ठिकाणी आणि त्याच प्रहरी तिला कायद्याने बाहेर ठेवले. पुढे मुंबई इलाख्यात १९२९ साली आणि मध्यप्रांतात १९३० साली बाळंतपणाच्या भत्त्याचे कायदे झाले. तास मोजले गेले, हवा-उजेड मोजला गेला, बाळंतपणाचे आठवडे मोजले गेले. मुकादमाची नजर, त्याचा स्पर्श आणि त्याची मागणी हे मोजण्याचे माप मात्र कोणत्याही कायद्यात नव्हते.

त्या काळच्या अधिकाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती काय? व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात या आयोगाने जॉबराच्या, म्हणजे मुकादमाच्या, सत्तेवर नेमके बोट ठेवले. नेमणुका आणि बडतर्फी शक्य तितकी त्याच्या हातून काढून घ्यावी, त्यासाठी स्वतंत्र मजूर-अधिकारी नेमावा, अशी त्याने शिफारस केली. मुकादम नोकरी देण्यासाठी पैसे उकळतो ही गोष्ट उघडपणे बोलली गेली. जी बाई पैसे देऊ शकत नव्हती तिच्याकडून काय उकळले जाई, हे सभ्य भाषेच्या आडोशाला राहिले.

याचे एक कारण भाषेतच होते. आपल्याकडे या गोष्टीला शब्द होते, परंतु ते सारे हलके होते. चहाटळपणा, आगळीक, थट्टामस्करी, फार तर छेडछाड. ज्याला थट्टा म्हणावयाचे त्याची फिर्याद कोण करील? दुसरा शब्द होता तो दंडविधानातला: विनयभंग. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३५४ व्या कलमात तो गुन्हा होता आणि ५०९ व्या कलमात शब्दांनी वा हावभावांनी केलेल्या अपमानाला शिक्षा होती. पण या कलमांचा रस्ता पोलीस ठाण्यातून जात होता, आणि चर्चा व्हावयाची ती बाईच्या विनयाची. शिवाय नोकरीचे काय, याला फौजदारी कायद्यात उत्तरच नव्हते. आरोपीला उद्या शिक्षा झाली तरी बाईची हजेरी आजपासूनच बंद.

विदर्भातीलच एका प्रकरणाने हा विनयाचा तराजू किती खोटा आहे हे सबंध देशाला दाखविले. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, मजुरी करून राहणाऱ्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, यावरून तिची सम्मती होती असा निष्कर्ष निघाला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपुढे मुकाट राहणे आणि सम्मती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्याचे सार. त्यातून जी चळवळ उठली तिने १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. हे प्रकरण नोकरीतील छळाचे नव्हे, हे मी जाणतो. पण ‘ती का ओरडली नाही?’ हा जो प्रश्न मथुराला विचारला गेला, तोच प्रत्येक कचेरीतील आणि प्रत्येक जिनातील बाईला विचारला जात असे, आणि अजूनही विचारला जातो.

साता समुद्रांपलीकडे याच सुमारास या दुखण्याला नाव मिळाले होते. अमेरिकेतील इथाका गावी कार्मिटा वुड नावाची बाई कॉर्नेल विद्यापीठात नोकरीस होती. वरिष्ठाच्या वागण्याला कंटाळून तिने नोकरी सोडली आणि बेकारी-भत्ता मागितला. कारण वैयक्तिक आहे असे म्हणून तो नाकारण्यात आला. माझ्या आत्याबाईंचे ‘घरगुती’ आणि तेथले ‘वैयक्तिक’, दोहोंत कितीसे अंतर आहे? १९७५ साली तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बायकांनी या प्रकाराला जे नाव दिले, त्याचेच पुढे मराठीत ‘लैंगिक छळ’ झाले. शब्द कानाला रुक्ष आहे खरा. पण त्याने थट्टेचा मुखवटा काढून घेतला, एवढे त्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

आपल्याकडे न्यायालयाची दारे उघडण्यास आणखी वेळ लागला. १९८८ च्या जुलैत चंदीगढ येथे एका मेजवानीत रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी बाईंशी पंजाबच्या पोलीस-प्रमुखांनी असभ्य वर्तन केले. खटला चालवावा की नाही यावरच सात वर्षे गेली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो चालविण्याचा हुकूम दिला, १९९६ मध्ये आरोपी दोषी ठरले, आणि त्यावरचे शेवटचे शिक्कामोर्तब २००५ साली झाले. भारतीय प्रशासन सेवेतील बाईंना सतरा वर्षे लागली, तर रोजावरच्या रेजेने कोणता हिशेब करावा?

खरी कलाटणी मिळाली ती एका अत्यंत गरीब बाईमुळे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न करणे हे त्यांचे नेमून दिलेले कामच होते. ते केल्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. फौजदारी वाट अशी खुंटली; मात्र त्याआधीच ‘विशाखा’ आणि इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयापुढे निराळाच प्रश्न ठेवला: कामावर असताना स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्याची नाही काय? १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती किरपाल यांनी याचे उत्तर ‘आहे’ असे दिले. समता, व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क ही घटनेतील वचने आहेत; छळ झाला की ती मोडतात. संसद कायदा करीपर्यंत न्यायालयाने स्वतःच नियम घालून दिले, आणि ते सर्वांवर बंधनकारक ठरविले.

या निकालातील एका शब्दाकडे मी श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘नकोसे’. बाईचा विनय भंगला काय, तिने प्रतिकार केला काय, हे प्रश्न बाजूला सरले आणि हे वर्तन तिला नकोसे होते काय, हा प्रश्न पुढे आला. १९९९ साली दिल्लीच्या एका निर्यात-मंडळाच्या प्रकरणात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. वरिष्ठाने प्रत्यक्ष स्पर्श केल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून उच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने, त्याचा प्रयत्नही छळच आहे, असे म्हणून बडतर्फी कायम केली. नियम मात्र बहुतेक कचेऱ्यांनी फडताळात ठेवले. ते अमलात यावेत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांच्या प्रकरणात २०१२ च्या ऑक्टोबरात निर्णय झाला की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजावा. बाईला पुन्हा दुसऱ्या चौकशीपुढे उभे करू नये. महाराष्ट्राला या बाईंचे नाव अधिक ठाऊक असावयास हवे होते.

अखेर २०१३ साली संसदेने कायदा केला आणि तो त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू झाला. विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी! आता तो कलमावार न सांगता, बाळापूरच्या एखाद्या रेजेपुढे ठेवून पाहू.

ती ज्या जिनात जाते तेथे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष कामावरील वरिष्ठ स्त्रीच असावी, निम्म्या सभासद तरी स्त्रिया असाव्यात, आणि एक सभासद बाहेरच्या, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील असावा. बाहेरच्या माणसाची ही अट मला फार मोलाची वाटते, कारण आतील सारेच मालकाच्या मिठाचे. दहांपेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि तक्रार तालुक्यातच स्वीकारून सात दिवसांत तिकडे पोचविणारा अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. घरकाम करणारी मोलकरीणही या समितीकडे जाऊ शकते. ती कायम आहे की रोजंदारीवर, मुकादमामार्फत आली की थेट, याने काही फरक पडत नाही. कामाची जागा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. मजूर-बायांना आणण्या-नेण्यासाठी मालकाने टेंपो ठेवला असेल तर तो टेंपोही कामाची जागाच.

छळ म्हणजे काय, हेही कायद्याने उघड लिहिले. नकोसा स्पर्श, लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणे, अश्लील चित्रे दाखविणे, आणि याच जातीचे दुसरे कोणतेही वर्तन. ‘ऐकलेस तर उद्याही काम’ असे सुचविणे आणि ‘नाही ऐकलेस तर फाटकाबाहेर’ अशी धमकी देणे, हे दोन्ही त्यात येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावयाची. तसेच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. तोवर बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तिची इच्छा असेल तर समेट होऊ शकतो, पण पैसे देऊन नव्हे. तिचे नाव कोणी प्रसिद्ध करावयाचे नाही. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे सारे करूनही पोलिसांकडे जाण्याची तिची वाट मोकळीच राहते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून तिच्या ७५ व्या कलमात लैंगिक छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. बाईला फिर्याद करावयाची असेल तर तिला मदत करणे हे तर मालकाचे कर्तव्य ठरविले आहे.

खोट्या तक्रारींचे काय, असे सुशिक्षित घरांतून हमखास विचारले जाते. कायद्यात जाणूनबुजून खोटी तक्रार करणारीला शिक्षा आहे. परंतु केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी कलमाचा हा उत्तरार्ध वाचावा, एवढीच विनंती.

कायदा चांगला आहे. त्याचे अंग मात्र पुष्कळ ठिकाणी पोकळ आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयालाच नमूद करावे लागले की, दहा वर्षे झाली तरी कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत. आणि २०२४ च्या डिसेंबरात, जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमण्यासाठी राज्यांना मुदती घालून द्याव्या लागल्या. तीन महिन्यांची मर्यादाही मला अपुरी वाटते. आत्याबाईंना आपल्या आईजवळ ते अर्धे वाक्य बोलण्यास किती वर्षे लागली, हे मघाशी सांगितलेच आहे.

आणि अंतर हा तर वेगळाच विषय आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील हरिसाल येथे दीपाली चव्हाण या वनपरिक्षेत्र अधिकारी होत्या. २५ मार्च २०२१ रोजी त्यांनी जीवनयात्रा संपविली. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून झालेल्या छळाचे वर्णन होते आणि वर गाऱ्हाणे घालूनही दखल न घेतल्याची तक्रार होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यातील आरोपांविषयी येथे मत देणे प्रशस्त नव्हे, आणि तो सारा छळ आजच्या विषयातलाच होता असेही मी म्हणत नाही. पण गणवेश, शिक्षण आणि अधिकार असलेल्या बाईला आपले म्हणणे ऐकणारे कोणी जवळ आढळू नये, ही गोष्ट वऱ्हाडाने विसरू नये.

या कायद्याचे एक कलम मालकाला असे बजावते की, समिती नेमल्याचा हुकूम आणि छळाचे परिणाम सांगणारी सूचना कामाच्या जागी सहज दिसेल अशा ठिकाणी लावावी. जिनाच्या फाटकापाशी हजेरीचा फळा असतो. त्याच्या शेजारी हा कागद आहे काय, हे पुढच्या हंगामात बाळापूरकरांनी जाता-येता पाहावे. जिला तो वाचता येत नाही आणि तक्रारही लिहिता येत नाही, तिची तक्रार लिहून घेण्यास समितीच्या अध्यक्षाने किंवा सभासदाने साहाय्य करावयाचे आहे, असेही कायद्यातच म्हटले आहे.